आत असलेली मुले : एक

"डबे सारखे आहेत म्हणून आतला माल सारखा असेल, असं धरून चालू नकोस. झाकण उघडून बघत जा," असं सासूबाईंनी तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तिने तेव्हा नुकतेच एका मापाचे, एका रंगाचे चोवीस डबे आणून ओट्यावर दोन ओळींत मांडले होते आणि प्रत्येकावर छापील अक्षरांत लेबल चिकटवलं होतं.

"अहो आई, लेबल लावलंय ना! उघडायचं कशाला?"

"लेबल डब्याला लावलंयस गं. साखरेला कुठे लावलंयस?"

ती हसली होती. ती एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची. नावं नीट ठेवली की जग नीट चालतं, यावर तिची श्रद्धा होती. दोन दिवसांनी नवऱ्याने चहात दोन चमचे मीठ घालून घेतलं, तेव्हाही तिने दोष नवऱ्यालाच दिला.

ते झाकण उघडायचा दिवस पाच वर्षांनी आला. तोवर झाकणाखाली तेवीस मुलं जमली होती.

तिची कंपनी पाळणाघरांसाठी संगणक प्रणाली बनवायची. कोणतं मूल किती वाजता आलं, किती वाजता गेलं, कुणी नेलं, याची नोंद ही प्रणाली ठेवायची. लोकांना दाखवता यावं म्हणून कंपनीने स्वतःच्याच इमारतीत तळमजल्यावर एक नमुना पाळणाघर काढलं होतं. त्याला काचेची भिंत होती आणि पालकाचं कार्ड टेकवलं की उघडणारं दार होतं. तिची चौदा महिन्यांची लेक ठमी तिथेच असायची. ठमी खाली आणि आई तिसऱ्या मजल्यावर, मध्ये फक्त दोन मजले. तरी ती दिवसातून पाच वेळा खाली फोन करायची.

"आहे हो, आहे तुमची ठमी," पाळणाघराच्या बाई म्हणायच्या. "मघाशी होती, तिथेच आहे. चालता येत नाही अजून तिला. जाणार कुठे?"

बाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. नियम हा त्यांना अन्नासारखा लागे. आणि पाळणाघराचे नियम लिहिले होते ठमीच्या आईने. कामावर परत रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात बाळ हरवल्याची स्वप्नं पडून तिला झोप लागेना, तेव्हा उठून तिने नियम लिहिले होते. त्यातला चौदावा तिला तोंडपाठ होता. मुलाची नोंद कोणीही, कोणत्याही कारणाने, हाताने बदलणार नाही. मूल आतून येऊन दारात उभं राहील, समोर पालक आणि पालकाचं कार्ड असेल, तरच मूल बाहेर गेल्याची नोंद होईल. आत असलेल्या मुलांचा आकडा शून्य झाल्याशिवाय बाहेरच्या दाराला कुलूप लागणार नाही.

बाईंनी हा कागद वाचून चष्मा काढला होता आणि म्हणाल्या होत्या, "पहिल्यांदाच कुणीतरी नीट लिहिलंय."

मग साहेबांच्या मनात आलं की हे सगळं एकाच सर्व्हरवर चालणं बरं नव्हे. साहेबांच्या मनात काही आलं की ते आधी घोषवाक्य बनवत आणि मग काम कुणाचं ते ठरवत. घोषवाक्य झालं, 'सर्व्हर पडला तरी पाळणा हलता.' काम अर्थात तिचं.

योजना सरळ होती. दोन सर्व्हर घ्यायचे. ऑफिसात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला काम करणार आणि धाकटा नुसता शेजारी बसून दर सेकंदाला विचारणार, "आहेस का?" थोरल्याकडून "आहे" आलं की धाकटा गप्प. उत्तर नाही आलं की धाकटा कमरेला पदर खोचून उभा. यातली मेख एवढीच, की दोन जावांच्या चुली वेगळ्या असल्या तरी धान्याची कोठी एकच हवी. डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅम ज्याचा त्याच्या पोटात राहतो. पण माहिती, म्हणजे मुलांच्या नोंदी, दोघांच्या बाहेर एका सामायिक डिस्कवर ठेवायची असते. थोरली आजारी पडली तर धाकटीने त्याच कोठीतलं धान्य काढून स्वयंपाक पुढे चालवायचा.

त्या कोठीसाठी दोन्ही सर्व्हरवर 'सामायिक' नावाचं एकेक रिकामं फोल्डर करायचं आणि ती डिस्क त्या फोल्डरवर जोडायची. जोडली की फोल्डर म्हणजे कोठीचं दार. नाही जोडली तर फोल्डर म्हणजे नुसतं फोल्डर. आणि बाहेरून दोन्ही दिसतात हुबेहूब सारखी.

शुक्रवार आला. साहेबांनी वर कळवलं होतं की शुक्रवारी काम पूर्ण. डिस्क मात्र खोक्यासकट साहेबांच्या केबिनमध्ये होती, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला ते खोकं दिसावं अशी साहेबांची इच्छा होती.

"सर, डिस्क जोडल्याशिवाय डेटाबेस बसवता येणार नाही."

"का? फोल्डर बनवता येतं ना?"

"फोल्डर येतं. पण मग माहिती सर्व्हरच्या स्वतःच्या पोटात जाईल. दोघांची वेगवेगळी."

"नाव काय फोल्डरचं?"

"सामायिक."

"मग झालं की! नावातच सामायिक आहे." साहेबांनी तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. "यात काय विचारलंय ते वाच. 'दोन्ही सर्व्हरवर इन्स्टॉलेशनचा मार्ग, म्हणजे फोल्डरचा पत्ता, तंतोतंत सारखा आहे का?' आहे ना? मग कर खूण. आत काय आहे असं कुणी विचारलंय का? डिस्क सोमवारी जोडू."

तिने खूण केली. थोरल्यावर 'सामायिक', धाकट्यावर 'सामायिक', दोन्हीकडे कोरा डेटाबेस. डब्यांवर लेबलं लागली.

सोमवारी डिस्क आली, वायर लागली, दिवे लुकलुकू लागले. आता ती फोल्डरवर जोडायची एक आज्ञा तेवढी द्यायची होती. तिची बोटं कीबोर्डवर टेकली आणि फोन वाजला.

"ठमी चावली," बाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"यादी मोठी आहे. तुम्ही खाली या."

ती तशीच धावली. तासाभराने परत आली तेव्हा डिस्कचे दिवे लुकलुकत होते, फोल्डर जागच्या जागी होतं आणि फॉर्मवर साहेबांची सही झालेली होती. एवढं सगळं जागच्या जागी असताना संशय तरी कशाचा घ्यायचा? 'बघू उद्या,' म्हणून ती दुसऱ्या कामाला लागली. त्या उद्याला तीन महिने झाले. तीन महिने थोरला सगळी मुलं स्वतःच्या पोटात जमा करत राहिला, धाकटा दर सेकंदाला "आहेस का" विचारत राहिला, आणि सामायिक डिस्क नुसती दिवे मिचकावत बसली.

मग संचालक आले. तीन होते आणि तिघांना पाळणाघरातलं आणि सर्व्हरमधलं सारखंच कळत होतं. साहेबांनी प्रात्यक्षिकाची वेळ साडेचारची ठेवली. तिने आदल्या दिवशी दबकत विचारलं होतं, "सर, पाचला मुलं न्यायची वेळ असते. सकाळी केलं तर?"

"तोच तर मुद्दा आहे! गर्दीच्या वेळी करून दाखवण्यात मर्दुमकी आहे."

सर्व्हरच्या खोलीत साहेब नवा कोट घालून उभे राहिले. त्यांनी अर्धा तास भाषण केलं, घोषवाक्य दोनदा म्हटलं, वाकले आणि थोरल्याची वायर खसकन उपटली. थोरला मेला. धाकट्याने विचारलं, "आहेस का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. आणि धाकटा उठला. अकराव्या सेकंदाला पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"अकरा सेकंद!" साहेब म्हणाले. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

तिनेही वाजवल्या. मग सवयीने तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यावर गेली. मुलांच्या नोंदी : शून्य.

तिने वाकून पुन्हा वाचलं, शून्यच होतं. धाकट्याने आपल्या घरातलं 'सामायिक' उघडलं होतं आणि त्यात जे होतं ते, म्हणजे काहीही नव्हतं ते, इमानेइतबारे वाढलं होतं.

"सर..." ती कुजबुजली.

"हसत राहा," साहेब दातांतल्या दातांत म्हणाले.

"सर, मुलं गेली."

"वेळेवर गेली ना? उत्तम."

"तशी नाही गेली! नोंदी गेल्या. थोरल्याची वायर परत लावा, आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी वायरीचं टोक घट्ट धरलं. ते हातात घेऊन त्यांचे फोटो निघत होते. "वेडी आहेस का? आत्ता लावली तर यांना कळेल. हे गेले की लावतो. अर्धा तास."

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"तुमच्या यंत्रावर माझ्याकडे एकही मूल नाही," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, आणि मागे तेवीस मुलं एकदम रडत होती. "पाच वाजलेत. पालक आलेत. मी काय करू?"

ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. काचेपलीकडे ठमी दोन्ही हात पसरून उभी होती. आईला बघून तिने काचेला नाक लावलं आणि भोकाड पसरलं. ठमीच्या आईने दाराला कार्ड टेकवलं. दार म्हणालं, "अशी नोंद नाही."

"बाई, उघडा ना. ही बघा, समोर आहे."

"दिसतेय की."

"मग द्या."

"कुणाला?"

"मला! मी आई आहे तिची!"

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण नियम चौदा. मुलाची नोंदच नाही तर ते बाहेर गेल्याची नोंद कशी करणार? आणि नोंदीशिवाय मूल द्यायचं नाही, असं तुम्हीच तिरक्या अक्षरात लिहिलंय. खाली रेघसुद्धा मारलीय."

तिच्या मागे रांग वाढत होती. रांगेत आधी जुळ्यांची आई होती. तिच्यामागे एक दाढीवाले बाबा कानात वायरी घालून कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांचं बाळ काचेपाशी बसून स्वतःचा पिवळा मोजा ओढत होतं.

"ती दुधाच्या बाटल्या द्यायची खिडकी आहे ना," जुळ्यांची आई म्हणाली, "त्यातून द्या की एकेक करून."

"खिडकीतून मूल बाहेर गेलं तर त्याला चोरी म्हणतात," बाई म्हणाल्या.

"मला तक्रार करायचीय!"

"करा. त्या पडद्यावर तक्रारीचं बटण आहे. ते चालू आहे."

सगळ्यांनी तक्रारी केल्या. ते बटण खरंच झकास चालत होतं. पण ठमी रडतच होती, आणि तिच्या रडण्याचा सूर आता उचक्यांवर आला होता. आई उभी होती तिथून लेक हातभर अंतरावर होती, आणि मध्ये जी काच होती तिचा प्रत्येक स्क्रू आईनेच मंजूर केला होता.

"बाई, काहीतरी मार्ग काढा हो."

बाईंनी विचार केला. "एक आहे. मूल यादीत नाही ना? मग यादीत घाला. नवीन प्रवेश द्या. नवीन प्रवेश झाला की मूल आत, मग मूल बाहेर. सगळं नियमात."

तिला त्या क्षणी कळलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. थोरल्याच्या पोटात एक ठमी आहे. आता धाकट्याच्या पोटात दुसरी ठमी होईल. उद्या दोघंही 'माझीच खरी' म्हणून भांडतील. असं कधीही होऊ देऊ नये, हे ती नव्या मुलामुलींना शिकवायची. पण ठमीने उचकी दिली आणि आईने पेन उचललं. रांगेत पहिला फॉर्म तिचा.

"मुलाला घरी काय म्हणतात?" बाईंनी फॉर्ममधला प्रश्न वाचला.

"ठमी. माहितीये ना तुम्हाला!"

"विचारावं लागतं. सवयी?"

"लिहा, चावते."

"लिहिलं. आता नियम सहा. नवीन मूल रुळेपर्यंत पालकाने पंधरा मिनिटं सोबत बसायचं."

"बाई! ती आठ महिने इथे येतेय!"

"कागदावर आज पहिला दिवस. या आत."

तर ती आत जाऊन बोटभर उंचीच्या लाल खुर्चीवर बसली आणि ठमी तिच्या मांडीवर बसून पाळणाघरात रुळू लागली. पाठोपाठ जुळ्यांची आई आली, मग दाढीवाले बाबा. थोड्या वेळाने बावीस मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून छोट्या खुर्च्यांवर बसलेली आणि तेवीस मुलं त्यांच्याकडे 'ही नवीन मुलं कोण' अशा नजरेने बघणारी, असं दृश्य काचेतून दिसू लागलं. नेमके तेव्हाच साहेब संचालकांना घेऊन निरोपासाठी खाली आले.

"हे काय?" एका संचालकाने विचारलं.

"पालकांचा सहभाग," साहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "आपलं वैशिष्ट्य आहे ते."

पुन्हा टाळ्या झाल्या.

सव्वासहापर्यंत एकेक करून सगळे बाहेर पडले. ती ठमीला छातीशी आवळून घराकडे चालत सुटली. घराचा जिना चढताना साहेबांचा निरोप आला. 'संचालक हॉटेलवर गेले. मी स्वतः वायर लावली, थोरल्यावर परत आणलं. तुझ्या जुन्या नोंदी जशाच्या तशा. सगळं पूर्ववत.' 'पूर्ववत' या शब्दापाशी तिला काहीतरी टोचलं. पण तेवढ्यात किल्ली सापडेना, ठमीने चष्मा ओढला आणि टोचणी विरून गेली. लगेच दुसरा निरोप आला, ऑफिसातल्या सगळ्यांना. 'प्रात्यक्षिक यशस्वी. वेळ : अकरा सेकंद. आलेल्या तक्रारी : शून्य.'

बरोबरच होतं. तक्रारी धाकट्याच्या पोटात गेल्या होत्या, आणि धाकट्याकडे आता कोण बघतंय?

साडेसात वाजता ठमीला भरवत असताना बाईंचा फोन आला.

"तुमची मुलगी न्यायची राहिलीय," बाई म्हणाल्या. "या घेऊन जायला."

ती हसली. "बाई, ठमी माझ्या मांडीवर आहे."

"असेल. यंत्र म्हणतंय, आत आहे. सकाळी नऊ दहाला आली, बाहेर गेलीच नाही. कुणीच गेलं नाही. आत असलेली मुले, तेवीस. मी एकटी बसलेय इथे."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. थोरल्याला मधल्या दोन तासांतलं काहीच माहीत नव्हतं. त्याची वायर उपटली तेव्हा तेवीस मुलं आत होती. वायर लागली तेव्हाही त्याच्या लेखी ती आतच होती.

"आणि आकडा शून्य झाल्याशिवाय," बाई पुढे म्हणाल्या, "बाहेरच्या दाराला कुलूप लागत नाही. दार उघडं टाकून मला जाता येत नाही. नियम तुमचाच."

तिने ठमीचं तोंड पुसलं आणि चपला घातल्या.

"आता कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"ठमीला पाळणाघरातून आणायला."

"ती तुझ्या कडेवर आहे."

"म्हणून तर सोबत नेतेय."

नवऱ्याने आईकडे बघितलं. सासूबाई खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि मान वर न करता विचारलं, "झाकण उघडलं नव्हतंस ना?"

तिने दार ओढून घेतलं. चालता चालता तिने पालकांना फोन केले. फोनवर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आई-बापांची जात. अर्ध्या तासात बहुतेक सगळे पाळणाघराच्या दाराशी हजर. कुणाच्या खांद्यावर पोर झोपलेलं, कुणाच्या पोराचं डोकं ओलं, जुळ्यांपैकी एकाच्या तोंडात टूथब्रश.

ठमीच्या आईने कार्ड टेकवलं. दार म्हणालं, "मूल आधीच आत आहे."

"आता हे काय नवीन?" जुळ्यांची आई किंचाळली.

"बरोबर बोलतंय ते," बाई म्हणाल्या. "जे आत आहे त्याला परत आत कसं घेणार?"

"अहो, पण मूल आतून दारात आलं तरच बाहेर गेल्याची नोंद होते ना! आणि आत तर घेत नाही!"

बाईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "खिडकी आहे."

"मघाशी तुम्हीच म्हणालात, खिडकीतून म्हणजे चोरी!"

"बाहेर नेलं तर. मूल आत आणून कुणी चोरी करत नाही. नियमात खिडकीतून आत आणण्याबद्दल एक अक्षर नाही. मी तपासलंय."

तेव्हा दुधाच्या बाटल्यांच्या खिडकीतून एकेक मूल आत सरकवलं गेलं. बाईंनी प्रत्येकाला दोन्ही हातांनी धरून घेतलं, दारापर्यंत नेलं, आणि दारात पालकाने कार्ड टेकवलं. "बाहेर गेले. धन्यवाद." बावीस, एकवीस, वीस. ठमी खिडकीतून जाताना खदखदून हसली आणि बाहेर आल्यावर परत खिडकीकडे बोट दाखवू लागली. जुळ्यांपैकी एक चुकून दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा बाहेर येताना दाराने त्याला ओळख दिली नाही, आणि थोडा वेळ पुन्हा रडारड झाली. शेवटी तोही बसला गणितात.

सगळे पांगले. पडदा म्हणत होता, आत असलेली मुले : एक.

"कोण राहिलं?"

बाईंनी टेबलावरून एक पिवळा मोजा उचलून दाखवला. इतका लहान, की त्यात त्यांची दोनच बोटं मावली. "दाराशी सापडला. दाढीवाल्यांचं बाळ. त्यांचा फोन बंद येतोय."

"त्यांच्या कानात सतत वायरी असतात, बॅटरी संपली असेल." तिने घड्याळ बघितलं. आठ वाजून गेले होते आणि ठमी खांद्यावर पेंगत होती. "बाई, तुम्ही जा घरी. मी वर जाऊन हा आकडा शून्य करते. दोन मिनिटांचं काम."

"हाताने?"

"हाताने."

"नियम चौदा."

"तो मीच लिहिलाय हो!"

"म्हणून तर मी पाळते. ऑफिसचे नियम साहेबांनी लिहिलेत, ते मी वाचतही नाही." बाईंनी मोजा टेबलावर ठेवून सुरकुत्या सारख्या केल्या. "आज खोली रिकामी आहे म्हणून तुम्ही हाताने शून्य कराल. मला पटतंय. पण उद्या कुणीतरी खोली भरलेली असताना करेल, आणि दिवा हिरवाच लागेल. आज लागला तसा."

तिने हातातलं कार्ड परत पर्समध्ये टाकलं.

"आणि खोली रिकामी आहे हे मी सगळ्या खाटांखाली वाकून बघितलंय," बाई म्हणाल्या. "पण ते बाळ घरी पोचलं, हे मला कुणी सांगितलंय? तुमच्या धाकट्यानं? ते घरी पोचलंय एवढं मला कळू दे. मग बसेन सकाळपर्यंत, आकडा काही का असेना."

ठमीच्या आईने आठवून बघितलं. दाढीवाले बाबा जाताना तिने पाहिले होते. पाठमोरे, घाईत, फोनवर बोलत, खांद्यावर काहीतरी होतं. मूल होतं की बॅग? एरवी बारीकसारीक सगळं टिपणारी ती, नेमकी तेव्हा ठमीचं नाक पुसत होती. तिने साहेबांना फोन लावला. साहेब संचालकांसोबत जेवायला गेले होते. साहेबांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, पण फोन काही ते उचलेनात.

आता ती भेटेल त्याला विचारत सुटलीय, आणि तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे तुम्हीही भेटलातच. तुम्हाला दाढी असेल, आज घाईत एक बाळ घरी आणलं असेल, तर कानातल्या वायरी काढा आणि आतल्या खोलीत जाऊन बघा. नुसतं दारातून नको. पांघरूण उचलून बघा. एका पायात पिवळा मोजा आणि दुसरा पाय उघडा असेल, तर आधी त्या पायावर पांघरूण घाला. मग बाळाला तसंच उचलून आणा. मागच्या बाजूला खिडकी आहे. बाई आत बसल्या आहेत.